झोहरा सेहगल : बहात्तर वर्षांची रोजी

आपल्या समाजात नटीबद्दल बोलण्याचे दोनच सूर मला ऐकू येतात. पहिला सूर अभिमानाचा. मीनाकुमारी आपली, नर्गिस आपली, मधुबाला आपली, वहिदा रहमान आपली. हिंदी सिनेमाचा इतिहास मुस्लीम बायकांची नावे वगळून लिहिता येणार नाही, हे आपण व्यासपीठावरून मोठ्या आवाजात सांगतो. दुसरा सूर घरातला. आपल्याच मुलीने कॉलेजच्या एकांकिकेत काम करते म्हटले की तो लागतो. तेव्हा आवाज खाली येतो, दार लोटले जाते आणि "रिश्ते कोण आणणार?" हा प्रश्न पुढे येतो. दोन्ही सूर बहुतेक वेळा एकाच माणसाचे असतात.

हे दोन्ही सूर वरवर उलटे वाटले तरी त्यांत एक गोष्ट समान आहे. अभिमान बाळगणारा नटीला चांदणी समजतो आणि नाक मुरडणारा तिला घसरलेली समजतो. ती सकाळी उठून कामावर जाते, महिन्याचा हिशेब करते, काम सुटले की दुसरे शोधते, मुलांच्या फीची तजवीज करते, हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

मी एका जिल्ह्याच्या गावी शिकवते. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी पुढे कॉलेजात नाटकात चमकली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिला अभिनयाचे बक्षीस मिळाले आणि पुण्यातल्या तीन महिन्यांच्या नाट्यशिबिराचे बोलावणे आले. तिचे अब्बा गॅरेज चालवतात. माणूस कष्टाळू, मुलीच्या शिक्षणाबद्दल मनापासून आस्था असलेला. ते मला भेटायला आले आणि म्हणाले, "बाजी, हिला डॉक्टर करा, टीचर करा, मी गॅरेज गहाण ठेवीन. पण ही लाइन नको. त्यात कमाई काय, आणि इज्जत काय?" मी बरेच बोलले. ते नम्रपणे ऐकत राहिले. शिबिराची तारीख निघून गेली.

त्यांचे दोन्ही प्रश्न मला खोटे वाटत नाहीत. कमाई आणि इज्जत हे कष्टकरी घरातले खरे प्रश्न आहेत. म्हणूनच त्यांचे उत्तर मी एखाद्या तारकेच्या आयुष्यातून देणार नाही. तारका लाखात एक होते, तिच्याकडे बघून कुणी आपल्या मुलीचे भवितव्य ठरवू नये. मी उदाहरण घेते ते झोहरा सेहगल यांचे. त्या कधी सिनेमाच्या नायिका झाल्या नाहीत. पोस्टरवर त्यांचे तोंड मोठे छापले गेले नाही. पण १९३५ साली त्यांनी उदय शंकर यांच्या नृत्यपथकात पाऊल टाकले आणि २००७ साली 'चीनी कम' व 'सावरिया' या सिनेमांत त्या काम करत होत्या. ही बहात्तर वर्षे झाली. एवढी रोजी आपल्यापैकी किती डॉक्टरांनी आणि किती शिक्षकांनी केली आहे?

झोहरा यांचा जन्म २७ एप्रिल १९१२ चा, सहारनपूरचा. मूळ नाव साहिबजादी झोहरा मुमताजउल्ला खान. घराणे रोहिला पठाणांचे, रामपूरशी नाते असलेले. सात भावंडांत त्या तिसऱ्या. आई लहानपणीच वारली. मुलींनी लाहोरला शिकावे ही आईची इच्छा होती आणि घरच्यांनी ती पाळली. लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात त्या काळी कडक पर्दा होता. त्या पर्द्यातच त्यांचे शिक्षण झाले.

पुढचे वळण मामांमुळे आले. एडिंबरात राहणारे मामा सईदुज्जफर खान यांनी भाचीला अभिनय शिकता यावा म्हणून तिथल्या एका नटाकडे व्यवस्था केली. १९३० च्या सुमारास मामा-भाची लाहोरहून मोटारीने निघाले. इराण, पॅलेस्टाइन, दमास्कस, मग इजिप्त आणि अलेक्झांड्रियाहून बोटीने युरोप. तिथे पोचल्यावर मावशीने त्यांना जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत नेले. आधी नाच शिकलेला नसताना त्यांना प्रवेश मिळाला आणि तीन वर्षे त्यांनी तिथे आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतले. युरोपातच उदय शंकर यांचे 'शिव-पार्वती' नृत्यनाट्य त्यांनी पाहिले आणि त्यांची भेट घेतली. १९३५ च्या ऑगस्टमध्ये त्या उदय शंकर यांच्या पथकात दाखल झाल्या. जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका असे दौरे झाले. नंतर अल्मोड्याच्या उदय शंकर केंद्रात त्या शिकवू लागल्या.

तिथेच कामेश्वर सेहगल भेटले. इंदूरचा तरुण, वैज्ञानिक, चित्रकार, नर्तक. वयाने आठ वर्षांनी लहान, धर्माने हिंदू. दोन्ही घरांतून आधी विरोध झाला, पुढे तो निवळला आणि १४ ऑगस्ट १९४२ ला लग्न झाले. दोघांनी मिळून लाहोरला 'झोरेश' नावाची नृत्यसंस्था काढली. दोघांच्या नावांची जोड करून ठेवलेले हे नाव होते. पण फाळणीपूर्वीचे वातावरण तापत चालले होते आणि अशा जोडप्याला लाहोरात परकेपणा जाणवू लागला. एका वर्षाच्या किरणला घेऊन ते मुंबईला आले. जमवलेला संसार आणि उभी केलेली संस्था दोन्ही मागे राहिले.

इथपासूनची कहाणी मराठी वाचकाच्या ओळखीच्या मुंबईतली आहे. १९४५ मध्ये झोहरा पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये लागल्या. पगार महिना चारशे रुपये. धाकटी बहीण उज्रा तिथली प्रमुख नायिका होती. झोहरा नृत्य बसवत आणि लहानमोठ्या भूमिका करत. चौदा वर्षे त्या या कंपनीबरोबर देशभर हिंडल्या. 'दीवार', 'पठाण', 'गद्दार', 'आहुती' ही पृथ्वीची नाटके हिंदू-मुस्लीम सलोख्याबद्दल आणि फाळणीच्या जखमांबद्दल बोलत होती. खेळ संपला की पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून उभे राहत, गरजूंसाठी पैसे गोळा करत. अशा कंपनीत पगारावर असलेली बाई काय काम करत होती, हे "नाचगाणे" या एका शब्दात सांगून संपत नाही.

त्याच काळात त्या इप्टाशी जोडलेल्या होत्या. बंगालच्या दुष्काळावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी केलेला 'धरती के लाल' आणि चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' हे दोन्ही सिनेमे १९४६ चे. दोन्हींत झोहरा आहेत. 'नीचा नगर'ला कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला, तो इतर देशांच्या सिनेमांबरोबर विभागून. शिवाय गुरुदत्त यांच्या 'बाजी' (१९५१) आणि राज खोसला यांच्या 'सीआयडी' (१९५६) या सिनेमांची नृत्ये त्यांनी बसवली. गुरुदत्त हे स्वतः अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेले. ओळखी कामातून होतात आणि काम ओळखींतून मिळते, हे प्रत्येक धंद्यात असते तसेच इथेही होते.

मग १९५९ आले. कामेश्वर गेले. पदरी किरण आणि पवन ही दोन मुले. पुढच्याच वर्षी पृथ्वी थिएटर्सही बंद पडले. नवरा गेला, हक्काचा पगारही गेला, वय सत्तेचाळीस. आपल्याकडे या वयातल्या विधवेला आपण काय सांगतो? भावाच्या घरी राहा, मुलांकडे बघ, तस्बीह हातात घे. झोहरा दिल्लीला गेल्या, नव्या नाट्य अकादमीची जबाबदारी घेतली आणि १९६२ मध्ये नाट्यशिक्षणाची शिष्यवृत्ती मिळवून लंडनला पोचल्या. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या.

लंडनमध्ये कुणी हार घेऊन उभे नव्हते. ओल्ड विक नाट्यगृहात त्यांनी ड्रेसर म्हणून काम केले. ड्रेसर म्हणजे पडद्यामागे नटांना कपडे चढवणारी, बटणे लावणारी, पुढच्या प्रवेशाचा पोशाख हातात घेऊन उभी राहणारी बाई. ज्यांनी अमेरिकेच्या रंगमंचावर नाच केला होता त्या दुसऱ्यांची बटणे लावत होत्या. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. आपल्याकडे मोठ्या घरची बाई अडचणीत आली तर उपाशी राहील पण "खालचे" काम करणार नाही, आणि या हट्टाला आपण खानदानीपणा म्हणतो. झोहरा यांनी ते काम केले, नृत्य शिकवले आणि भूमिकांसाठी दारे ठोठावत राहिल्या.

भूमिका मिळत, पण तुकड्यातुकड्यांनी. १९६४ मध्ये बीबीसीवर किपलिंगच्या एका कथेत काम मिळाले. १९६५ मध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेत छोटी भूमिका. पुढे 'द लाँग ड्युएल', मर्चंट-आयव्हरींचा 'द गुरू'. १९७६-७७ मध्ये दक्षिण आशियाई प्रेक्षकांसाठी असलेल्या 'पडोसी' या कार्यक्रमाच्या सव्वीस भागांचे निवेदन. या कामांच्या मध्ये रिकामे महिनेही गेले. त्या काळच्या ब्रिटिश पडद्यावर भारतीय बाईला जागाच किती होती? एखादी आया, एखादी दुकानदारीण, गर्दीतली एखादी साडी.

आणि मग १९८४ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनची 'द ज्युएल इन द क्राऊन' ही मालिका आली. तीत झोहरा यांनी लेडी चॅटर्जी साकारल्या. वय बहात्तर. आपल्याकडे या वयाच्या बाईच्या औषधांची आणि नमाजाच्या खुर्चीची चर्चा होते. झोहरा यांना या वयात पहिल्यांदा सगळ्या ब्रिटनने ओळखले. त्यानंतर 'तंदूरी नाइट्स' ही विनोदी मालिका, गुरिंदर चढ्ढा यांचा 'भाजी ऑन द बीच' (१९९३). नव्वदच्या दशकात त्या भारतात परतल्या आणि आपण त्यांना ओळखू लागलो ते 'दिल से', 'हम दिल दे चुके सनम', 'वीर-झारा', 'चीनी कम' यांतल्या खट्याळ आजी म्हणून. आपल्या मुलांना वाटते ही बाई जन्मतःच म्हातारी होती. 'चीनी कम'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई झाल्या तेव्हा पंच्याण्णव वर्षांच्या होत्या.

१९९३ मध्ये लाहोरात 'एक थी नानी' हे नाटक उभे राहिले. शाहिद नदीम यांनी लिहिलेले, अजोका थिएटरने केलेले. त्यात झोहरा आणि उज्रा या दोन बहिणी रंगमंचावर एकत्र आल्या. उज्रा लग्नानंतर पुढे पाकिस्तानात गेल्या होत्या. पृथ्वीच्या काळात रोज एकाच विंगेतून प्रवेश करणाऱ्या बहिणींमध्ये सरहद्द आली आणि म्हातारपणी नाटकानेच त्यांना पुन्हा एका रंगमंचावर आणले. ज्या शहरातून झोहरा १९४५ मध्ये चंबूगबाळे आवरून निघाल्या होत्या, तिथेच हे घडले.

आता त्या गॅरेजवाल्या अब्बांच्या प्रश्नांकडे येते.

पहिला प्रश्न कमाईचा. झोहरा यांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर दिसते की एकाच कामावर त्यांचे घर कधीच चालले नाही. नाचणे, नाच शिकवणे, नाच बसवणे, नाटकात काम करणे, संस्था चालवणे, कपडे सांभाळणे, निवेदन करणे, दूरचित्रवाणी, सिनेमा, म्हातारपणी काव्यवाचनाचे कार्यक्रम. एक दार बंद झाले की त्या दुसऱ्या दारातून आत गेल्या, कारण त्यांच्या हातात शिकलेले कसब होते. ड्रेस्डेनची तीन वर्षे त्यांना आयुष्यभर पुरली. म्हणजे मुलीला या क्षेत्रात पाठवायचे तर तिला नुसती ऑडिशनला पाठवणे हा जुगार आहे. तिला आधी पक्के शिकवावे. आवाज, उच्चार, नृत्य, लेखन, प्रकाशयोजना, वेशभूषा, संकलन, यांतली किमान दोन कामे तरी हातात असावीत. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा ज्या मुलीच्या जिभेवर आहेत तिला डबिंग, आकाशवाणी, श्राव्य पुस्तके, संवादलेखन ही कामे खुली आहेत. हे गॅरेजवाल्याला समजणार नाही असे नाही. नुसते पंक्चर काढून गॅरेज चालत नाही हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

या धंद्यातली कमाई अनिश्चित आहे, हेही सांगायला हवे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. झोहरा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे अकादमीची फेलोशिप मिळाली. १९९८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण, २०१० मध्ये पद्मविभूषण. आणि शेवटच्या दिवसांत जिने चढणे होईना म्हणून तळमजल्यावरच्या सरकारी घराची विनंती केली, ती पूर्ण झाली नाही असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले. १० जुलै २०१४ ला दिल्लीत वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्या गेल्या. सन्मानपत्रे भरपूर आणि तळमजल्याचे घर नाही, ही गोष्ट आपण अभिमानाच्या भाषणात सांगत नाही. पण कलावंताच्या सामाजिक सुरक्षेची मागणी करायची असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

दुसरा प्रश्न इज्जतीचा. या प्रश्नाचा एक इतिहास आहे आणि तो फक्त मुसलमानांचा नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण बाई मिळाली नाही. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. दुर्गा खोटे सिनेमात आल्या तेव्हा घरंदाज मराठी घरातली मुलगी तोंडाला रंग लावते म्हणून केवढी चर्चा झाली. त्याही कमी वयात विधवा झाल्या, दोन मुलगे त्यांनी कामावर वाढवले. आणि १९२६ मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करून भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक ठरली ती फातमा बेगम. तिची मुलगी जुबेदा १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची नायिका. या सगळ्या बायकांना त्यांच्या काळात नावे ठेवली गेली आणि नंतर त्याच समाजाने त्यांच्या नावाचा अभिमान बाळगला. नावे ठेवण्याच्या आणि अभिमान बाळगण्याच्या मधल्या काळात त्यांनी जे भोगले त्याची भरपाई कुणी केली नाही.

कुणी म्हणेल, झोहरा नवाबी नात्यातल्या होत्या, मोटारीने युरोपला जाणाऱ्या, त्यांना काय कमी? हा आक्षेप बरोबर आहे. मामा नसते, पैसा नसता, तर ड्रेस्डेन घडले नसते. पण यातून मला उलटाच बोध होतो. श्रीमंत घरात एका मामाने जे केले, ते गरीब घरातल्या मुलीसाठी समाजाने आणि सरकारने करायला हवे. त्याला आपण शिष्यवृत्ती म्हणतो. आपल्या किती जमाती, किती ट्रस्ट, किती संघटना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना मदत करतात! ते चांगलेच आहे. पण ललित कला, नाट्य, चित्रपट तंत्रज्ञान यांसाठी एखादी शिष्यवृत्ती ठेवावी असे कुणाला सुचल्याचे मी पाहिलेले नाही. आणि १९५९ नंतर झोहरा यांच्या मदतीला घराण्याचे नाव फारसे आले नाही. ओल्ड विकच्या विंगेत रामपूर कुणाला माहीत होते?

श्रीमंती नसलेले उदाहरण हवे असेल तर शौकत कैफी यांचे घ्या. मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या कम्यूनमध्ये एका खोलीत संसार, नवरा कैफी आझमी पूर्णवेळ कार्यकर्ता आणि कवी. शौकत यांनीही पृथ्वी थिएटर्समध्ये काम केले आणि तान्ह्या शबानाला बरोबर घेऊन त्या तालमींना जात. पुढे 'गर्म हवा'तली सलीम मिर्झाची बायको, 'सलाम बॉम्बे'तली कुंटणखान्याची मालकीण. दोन्ही भूमिका पाहा. 'गर्म हवा'तल्या त्या बाईला पाहून फाळणीनंतर मागे राहिलेल्या आपल्या घरांचे दुःख कळते. हे काम करायला कुणीतरी बाई लागतेच. आपल्या घरातल्या मुली पुढे आल्या नाहीत तर आपल्या आयांच्या गोष्टी पडद्यावर दुसरे कुणीतरी आणेल, त्याला जशा दिसल्या तशा. मग पडद्यावरच्या मुस्लीम बाईच्या वाट्याला तवायफ, नुसती रडणारी अम्मी नाहीतर तलाकपीडिता एवढेच येते म्हणून तक्रार कुणी करायची?

पण इज्जतीच्या प्रश्नात एक भाग खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. या क्षेत्रात बायकांचे शोषण होते. मल्याळम सिनेसृष्टीबद्दलच्या न्या. हेमा समितीने आपला अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला दिला, तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकांसमोर आला. त्यात लैंगिक छळापासून सेटवर बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसण्यापर्यंत सगळे आहे. म्हणजे भीती निराधार नाही. परंतु भीतीचे उत्तर कोणते? कापड गिरणीत, वीटभट्टीत, दवाखान्यात, आमच्या शाळांतही बायकांचा छळ होतो. तिथे आपण बायकांना घरी बसा म्हणत नाही, कायदा मागतो. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायदा चित्रीकरणाच्या ठिकाणालाही लागू होतो. सिने-कामगारांशी लेखी करार असावा असे कायदा सांगतो. इज्जत मुलीने काम करण्याने जात नाही. तिला त्रास देणाऱ्याला मोकळे सोडण्याने कामाच्या जागेची इज्जत जाते, हे आपण ठामपणे म्हणायला शिकले पाहिजे.

म्हणून पालकांना मी काही साध्या गोष्टी सुचवते. मुलीला नाटक-सिनेमात काम मिळाले तर "लोक काय म्हणतील" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि हे विचारा : करार लेखी आहे का? पैसे किती आणि कधी, ते तिच्या स्वतःच्या बँक खात्यात येणार का? कामाचे तास किती? रात्री उशीर झाला तर घरी सोडण्याची सोय काय? तक्रार समिती आहे का आणि तिचा फोन नंबर मुलीकडे आहे का? हेच प्रश्न तुम्ही मुलगी कंपनीत लागली तरी विचाराल. या प्रश्नांना नीट उत्तर न देणाऱ्याकडे तिला पाठवू नका, मग तो कितीही मोठा असो.

संस्थांना आणि चळवळीतल्या साथींना माझे सांगणे आहे की आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात आठवीनंतर मुलींना नाटकातून काढण्याची जी अलिखित रीत आहे ती बंद करा. वस्तीतल्या वाचनालयात आठवड्यातून एक तास नाट्यवाचन ठेवा, त्याला खर्च काहीच येत नाही. आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत कलेचे एक नाव वाढवा. आणि कुणी मुलगी पुढे गेली की तिच्या मागे उभे राहा. ती यशस्वी होईपर्यंत थांबून मग सत्काराला बोलावू नका.

झोहरा फारशा धार्मिक नव्हत्या आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. त्यांनी आपल्या मर्जीने लग्न केले, आपल्या मर्जीने काम केले. त्यांची प्रत्येक निवड प्रत्येक वाचकाला पटावी असा माझा आग्रह नाही. धर्म पाळणारी, डोके झाकणारी मुलगीही उत्तम अभिनय करू शकते, उत्तम संकलन करू शकते, आणि तिची वाट तिने ठरवावी. झोहरा यांच्याकडून घ्यायची ती कामाची शिस्त आणि वयाच्या कुठल्याही टप्प्यावर नव्याने सुरुवात करण्याची तयारी.

त्या मुलीच्या अब्बांना मी हा लेख छापून आल्यावर वाचायला देणार आहे. शिबिर दर वर्षी भरते. अर्जाची मुदत अजून उघडायची आहे.